सेकंड

नाव सुगुणा, आणि पगार दोष शोधायचा.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात,
ट्यूबलाइटखालच्या टेबलावर सकाळी आठपासून
एकेक टॉवेल उलटा, सुलटा, कडेकडेनं.
लूप सुटलंय. तेलाचा डाग. वीण विरळ.
किनार वाकडी गेलीय.
दिवसाला सहाशे नग,
आणि बोट डोळ्याच्या आधी थांबतं.
दासरी मास्तर म्हणतात,
सुगुणाबाईच्या हातून चूक निसटत नाही.
मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू.
काम नीट येण्याचं एक सुख असतं,
डब्यातल्या शेंगाचटणीसारखं,
कोरडं, पण संध्याकाळपर्यंत जिभेवर राहणारं.

सहाला खडू टेबलावर ठेवते.
डोळे मात्र बरोबर घरी येतात.

रिक्षात: गॅस बंद केला होतास का?
अशोक चौकात: लोकांची पोरं क्लासला,
तुझी शेजारणीच्या दारात.
जिन्यात: कालची भाकरी करपलेली, आणि तीच दिलीस डब्यात.
पाचव्या दिवशी पाणी येतं, पहाटे तीनला,
झोपेत एखादी कळशी कलंडते,
की आलंच तोंडात,
पिच्चिदाना!
वेडे, तुला काहीच जमत नाही.
हिशेब मी मराठीत करते.
शिव्या तेलुगूत, आणि सगळ्या मलाच.

मार्चमधली गोष्ट. पत्रा अजून तापलेला.
लास्या भागाकार करत होती.
लिहिलं, खोडलं, लिहिलं, खोडलं,
कागद फाटला.
आणि आठ वर्षांची माझी पोर
कपाळावर हात मारून, हळूच,
मला ऐकू जात नाही असं समजून
म्हणाली, पिच्चिदाना,
तुला काहीच जमत नाही.

आवाज माझा होता.
‘काहीच’वरच्या जोरासकट.

मी तिला असं कधी बोलले नव्हते, शपथ.
फक्त मला बोलत होते,
आणि घर एका खोलीचं.

पिठाचे हात तसेच घेऊन बसले तिच्याशेजारी.
उपदेश मला येत नाही.
पर्समध्ये कारखान्यातला एक स्टिकर होता,
तो फाटलेल्या जागी मागून चिकटवला.
तिनं पान उलटून वाचलं, से-कंड.
म्हणजे दुसरा नंबर?
दुसरा नंबर तर चांगला असतो, अम्मा,
मंजिरीला ट्रॉफी मिळाली होती.

मी हसले, मग हसूच आवरेना.
ती मात्र बाईंना दाखवायला
वही दप्तरात वरच ठेवून मोकळी.

आमच्या घरातले सगळे टॉवेल सेकंडच.
किलोवर मिळतात, कामगारांना आणखी स्वस्त.
मीच खडू मारलेले, मीच विकत आणलेले.
त्या रात्री तिचं डोकं पुसताना
एकाचा डाग बोटाखाली आला,
ओळखीचा.
केस कोरडे होत होते.

तेव्हापासून बदलले, असं काही नाही.
ठरवून माझं कधी काही झालेलं नाही.
परवाच भाकरी पुन्हा करपली,
आणि अर्ध्या रात्रीपर्यंत मी माझ्याशी भांडत होते.

पण काल, पहाटे तीनला, नळाला करंगळीएवढी धार,
कळशी निसटली, भरलेली.
पाणी पायांवरून गटारीकडे.
पिच्चि…
तोंडातच थांबले.
ओठ उघडेच, दुसरा शब्द सापडेना.
मग जो लास्याला झोपवताना म्हणते तोच आला,
बंगारम.
असू दे बंगारम, पुन्हा भरू.
इतकं अवघडल्यासारखं झालं,
जणू कुणी भर बाजारात माझे लाड केले.

पलीकडून इरम्मा म्हणाली,
कुणाशी गं बोलतेस एवढ्या रात्री?
पोरीशी, म्हटलं.
कळशी धारेखाली ठेवली.
फार काही खोटंही नव्हतं ते.